सिलिंडर हेड बदल आणि व्हॉल्व्ह यंत्रणा (जुनी अ‍ॅम्बॅसडर)

सिलिंडर हेडला (इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या झाकणाला) तडा गेला, ते तापून वाकले किंवा त्याच्या सीटा (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा टेकून बंद होतात त्या जागा) कामातून गेल्या, की ते उतरवून दुसरे हेड बसवतात. त्या वेळी व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या भागांपैकी कोणते नवे घालायचे, कोणते चालवून घ्यायचे आणि कोणते नेमके आपापल्या मूळ जागीच परत बसवायचे, हा निर्णय हेडच्या निवडीइतकाच महत्त्वाचा असतो. कॅम (कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरचा उंचवट्याचा भाग) आणि टॅपेट (कॅमवर टेकलेला छोटा दट्ट्या), पुश रॉड (टॅपेटवरची उभी सळई) आणि त्याच्या टोकाची वाटी, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) आणि व्हॉल्व्हचे डोके (दांडीचे वरचे टोक) हे भाग जोडीने झिजतात. जोडी मोडून जुन्यानव्याची सरमिसळ झाली, तर चांगले हेड बसवूनही इंजिन काही महिन्यांत पुन्हा उघडावे लागते.

या कामाचे बारकावे हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसडर गाडीत स्पष्ट दिसतात. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार झालेली ही गाडी ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड (तिसरी मालिका) या गाडीवर आधारलेली होती. सुरुवातीच्या साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनाची जागा थोड्याच वर्षांत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) या कंपनीच्या १४८९ घन सेंमी. क्षमतेच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या) इंजिनाने घेतली आणि पुढे अनेक दशके तेच चालू राहिले. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला, टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो. हेड बदलले की या साखळीचा वरचा निम्मा भाग बदलतो आणि खालचा निम्मा ब्लॉकमध्ये जुनाच राहतो. १९९०च्या दशकात आलेल्या १.८ लिटरच्या इसुझु इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्येच असल्यामुळे पूर्ण हेड आणले तर कॅम आणि त्याचे जोडीदार एकत्रच येतात. जुन्या इंजिनात तशी सोय नाही.

हेड उतरवतानाच पहिली चूक होऊ शकते. रॉकर शाफ्टचे (रॉकर ज्यावर झुलतात त्या दांड्याचे) आधार धरून ठेवणाऱ्या नटांपैकी चार नट हेडचेही नट आहेत. ‘फक्त रॉकर काढायचा आहे’ म्हणून तेवढेच सोडले, तर हेडची एक बाजू आवळलेली आणि दुसरी ढिली राहून हेड पिळवटते. म्हणून आधी रेडिएटरचे पाणी काढून सगळे नट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करावे लागतात. त्यानंतर पुश रॉड काढायचे. तेलाच्या चिकटपणामुळे टॅपेट पुश रॉडच्या खालच्या टोकाला धरून वर येऊ पाहतो, म्हणून रॉड किंचित फिरवून सुटा करावा आणि मगच उचलावा. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, त्यांवर एक ते आठ आकडे घालून, पुढच्या सिलिंडरपासून क्रमाने रॉड खोचून ठेवणे ही साधी सवय पुढचा बराच त्रास वाचवते. टॅपेट तपासायचे असल्यास इंजिनाच्या कुशीवरची पत्र्याची झाकणे काढून ते बाहेर घेता येतात. त्यांचीही जागा तशीच नोंदवून ठेवावी लागते.

टॅपेटचा तळ नवा असताना अगदी किंचित फुगीर असतो, म्हणजे कॅमवर घासताना टॅपेट स्वतःभोवती हळूहळू फिरत राहतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. पोलादी पट्टीची कड तळावर उभी धरून उजेडाकडे पाहिले असता मधूनच उजेड दिसला, तर तळ खोलगट झाला आहे आणि टॅपेट फिरायचा थांबला आहे, असे समजावे. असा टॅपेट बदलावाच लागतो. त्याच्या जागी भंगार बाजारातून आणलेला, दुसऱ्या कॅमवर झिजलेला टॅपेट बसवणे हा मात्र सर्वांत वाईट उपाय होय, कारण दोन परके पृष्ठभाग एकमेकांना कातरत राहतात. जुना टॅपेट फक्त आपल्याच उंचवट्यावर चालतो आणि नव्या कॅमशाफ्टबरोबर आठही टॅपेट नवेच लागतात. नवी जोडी बसवताना मॉलिब्डेनमयुक्त पेस्ट लावतात आणि इंजिन सुरू होताच ते आयडलवर (उभ्या गाडीच्या मंद गतीवर) न सोडता सुमारे वीस मिनिटे मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास चालवतात, कारण मंद गतीत कॅमवर पुरेसे तेल उडत नाही. आधुनिक इंजिन ऑइलमध्ये जस्त व फॉस्फरसची संयुगे पूर्वीपेक्षा कमी असतात, तेव्हा अशा सपाट टॅपेटच्या इंजिनासाठी ऑइल निवडताना हेही पाहावे लागते.

रॉकर शाफ्टची झीज वरून दिसत नाही. पुश रॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग दुसरे टोक वर रेटते. त्यामुळे रॉकर शाफ्टला खालून दाबतो आणि शाफ्ट खालच्या अंगाने खाचतो. नखाला खाच लागली तर शाफ्ट आणि रॉकरचे बुश (शाफ्टवर बसणारी आतली नळी) दोन्ही बदलावेत, एकच बदलून भागत नाही. रॉकरच्या टोकाशी फसगत होते ती वेगळीच. व्हॉल्व्हच्या डोक्याने तिथे बारीक खळगा पाडलेला असतो आणि फिलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) सपाट पट्टी त्या खळग्यावरून आडवी जाते. पट्टीला गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बरोबर लागतो, पण खरा गॅप खळग्याच्या खोलीइतका जास्त असतो. कितीही वेळा सेटिंग केले तरी टॅपेट वाजतच राहतात, याचे कारण बहुधा हेच असते. शाफ्ट परत बसवताना तो जागेवर धरणारा आधारातील स्क्रू नीट भोकात बसला पाहिजे, नाहीतर तेलाची वाट बंद होऊन रॉकर कोरडे चालतात.

बदली हेड बहुधा जुनेच मिळते. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आणि पुण्यात नाना पेठ या अशा सुट्या भागांसाठी शोध घेण्याच्या जागा. आणलेले हेड धुऊन तड्यासाठी तपासल्याशिवाय त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी शेजारी असून त्यांची वाट एकच आहे. त्यामुळे हेडमधील सर्वांत तापणारी जागा तीच, आणि तडा आधी तिथेच शोधावा.

सीटांचा प्रश्न भारतात इंधनामुळे उभा राहिला. हे हेड बिडाचे असून सीटा त्या बिडातच कापलेल्या आहेत. पेट्रोलमधील शिसे जळून सीटेवर पातळ थर धरत असे आणि तो थर व्हॉल्व्हला बिडाशी चिकटू देत नसे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाल्यावर हे संरक्षण गेले. सतत वेगात किंवा ओझ्याने चालणाऱ्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटेत हळूहळू खाली रुतत जातो आणि गॅप कमी होत होत संपतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याची उष्णता सीटेत उतरत नाही आणि त्याची कड जळते. जास्त गॅप आवाज करून सावध करतो, संपलेला गॅप मात्र गप्प असतो. म्हणून शांत इंजिनाचेही गॅप तपासले पाहिजेत. हेड हातात आलेच आहे, तर निदान एक्झॉस्टच्या जागी कठीण पोलादाच्या सीटा ठोकून घेणे आणि त्याच वेळी गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), ऑइल सील व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घालणे शहाणपणाचे ठरते. स्प्रिंगा एका ओळीत उभ्या करून त्यांच्या उंचीची तुलना करतात. खुजी स्प्रिंग बाद करावी. कॉटर (स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या दांडीशी अडकवणाऱ्या पाचरी) नवे घेण्यात कंजुषी करू नये, कारण कॉटर निसटला तर व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये पडतो.

हेडला लेथवाल्याकडून फेस मारून (खालचा पृष्ठभाग कापून सपाट करून) घेतला की उंचीचे गणित बदलते. समजा अर्धा मि.मी. उतरवला, तर रॉकरचे आधार तेवढेच खाली येतात आणि पुश रॉड तेवढाच लांब झाल्यासारखा होतो. शिवाय नव्याने कापलेल्या सीटेत व्हॉल्व्ह खोल बसल्यास त्याचे डोके वर येते. दोन्हींची बेरीज झाली की रॉकर वाकड्या कोनात चालून गाइड एका बाजूने झिजवतो. आधाराखाली योग्य जाडीचे शिम (पातळ चकत्या) घातल्याने हे सावरता येते. पुश रॉड काचेवर लोळवून पाहावेत. जो लोळताना उड्या मारतो तो वाकलेला असतो आणि तो सरळ करत बसू नये.

गॅप ठेवण्यासाठी नऊच्या बेरजेची रीत आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला, सहावा उघडा असताना तिसरा, चौथा उघडा असताना पाचवा, याप्रमाणे दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ येते. या घराण्यातील इंजिनांसाठी सुमारे ०.३८ मि.मी., म्हणजे कारागिरांच्या भाषेत पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), हा गॅप रूढ आहे. नवे हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट) पहिल्या तापण्यात दबते, म्हणून इंजिन थंड झाल्यावर आणि पुन्हा काही शे किलोमीटर धावल्यावर हेडचे नट क्रमाने तपासतात. नट थोडे जरी आवळले गेले तरी हेड खाली बसून गॅप बदलतो, तेव्हा प्रत्येक वेळी नटांनंतर आठही गॅप पुन्हा मोजावे लागतात.