चंदीच्या वेळी घोडा उतावळा झालाय की धास्तावलाय?

उपनगरातल्या आमच्या तबेल्यात संध्याकाळी चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या, बादल्या खडखडल्या की एक घोडा दारावर खूर आपटायला लागतो आणि त्याच्या शेजारची घोडी कान मागे पाडून दात दाखवते. दोघांनाही एकच नाव मिळतं, 'तापट', आणि दोघांनाही एकच छडी. मला हे फार खटकतं, कारण दोघांची दुखणी वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो.

खूर आपटणारा उतावळा आहे. त्याचे कान पुढे असतात, नजर बादलीवर असते, मधूनच तो खिंकाळतो. बादलीत तोंड गेलं की सगळं शांत. ही सवय बहुतेक वेळा आपणच लावलेली असते: आवाज थांबावा म्हणून त्यालाच आधी चंदी मिळते, मग खूर आपटला की दाणा येतो हे तो शिकतो. इथे मागे सरकून थांबायचं. चारही पाय क्षणभर जमिनीवर टेकले की लगेच बादली द्यायची. पहिले काही दिवस तो जास्तच आपटेल, तेव्हा माघार घेऊ नका.

कान पाडणाऱ्या घोडीची गोष्ट निराळी. बादली ठेवल्यावर ती शांत होत नाही, उलट बिघडते. खाताना एक डोळा आपल्यावर, मागचा भाग आपल्याकडे वळवलेला, आणि जवळ गेलात तर लाथ. ती चंदीची राखण करतेय, कारण ती हिसकावली जाईल अशी तिला धास्ती आहे. तिच्यासमोर बादली धरून 'आधी गप्प हो' म्हणत उभं राहिलं, तर ती धास्ती खरीच ठरते. मालक कोण हे दाखवायला अर्ध्यातून बादली काढून घेणं त्याहून वाईट.

धास्तीच्या मुळाशी पुष्कळदा रिकामं पोट असतं. मोकळा घोडा दिवसातले सोळा-सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत झिरपतं, पण ते शमवणारी लाळ चावतानाच सुटते. मुंबईत चरायला रान कुठलं? दोन-तीन वेळा दाणा आणि मधले लांबच लांब तास कोरडे. म्हणून आधी गवत, मग चंदी. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज पोटात जायला हवा, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो, आणि तोही दिवसभरात विभागून. शेजारचा घोडा दिसू नये म्हणून मध्ये भरीव आडोसा हवा. मोकळ्या आवारात घोड्यांच्या संख्येपेक्षा गवताचा एक ढीग जास्त ठेवा, आणि ढीग एकमेकांपासून लांब अंतरावर. बादली बाहेरूनच अडकवा, खाणं चालू असताना आत जाऊ नका.

आणखी एक शक्यता विसरू नका. आजवर गरीब असलेला घोडा अचानक चावू लागला, दाणा टाकून गवतच खाऊ लागला, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना वळून झोंबू लागला, तर जठरात व्रण किंवा दाताला धार आली असू शकते. भरपूर दाण्यावर पोसलेल्या शर्यतीच्या घोड्यांत असे व्रण सर्रास आढळतात. तिथे आधी पशुवैद्य.

आमच्या तबेल्यातली ती कान पाडणारी पांढरी घोडी वरातीची. लग्नसराईत रात्री उशिरा परतायची, तेव्हा गव्हाण रिकामीच असायची. आम्ही ती परतण्याआधी गव्हाणीत गवत भरून ठेवायला लागलो, शेजारच्या बाजूला फळ्या ठोकल्या, बादली दारावरून अडकवली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाठ न वळवता दाणा संपवला. शेजारची बादली वाजली की तिचे कान अजून मागे जातात, पण मान आता दाराबाहेर येत नाही.