सुईला हादरे नकोत : टर्नटेबलखालची घरगुती गादी

चालताना गाणं अडखळतं, आवाज वाढवला की स्पीकर घुमतात, म्हणून अनेकजण टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, दुरुस्तीला आणतात. तपासलं तर मशीन बहुधा ठणठणीत निघतं. हादरे येतात ते टेबलातून.

आधी घरीच पाहा. मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज बेताचा ठेवा आणि टेबलावर बोटानं टकटक करा. स्पीकरमधून धप्प ऐकू आलं, तर पुढचं वाचा.

टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) मिळून साधारण ८ ते १२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८ ते १२ वेळा, स्वतःहून डुलतात. जुन्या वाड्याच्या माडीवर किंवा लाकडी जमिनीच्या चाळीत पावलांचे हादरे याच्याच आसपास येतात. खालचा आधार याहून बराच सावकाश डुलला, तरच हादरा वर पोचत नाही. स्प्रिंगसारखा आधार वजनाखाली २ मिलिमीटर दबला, तर तो ११ हर्ट्झच्या आसपास डुलतो, म्हणजे नेमका नको तिथे! २५ मिलिमीटर दबला, तर ३ हर्ट्झवर येतो. कडक रबराचे महागडे पाय लावूनही फरक पडत नाही, तो यामुळेच.

आम्ही सुचवतो ते असं. फरशीवाल्याकडून १८ बाय १५ इंचांचा, १८ मिलिमीटर जाड कडप्पा कापून, कडा घासून आणा. वजन आठ-साडेआठ किलो भरेल. खाली लहान मुलांच्या सायकलची १२ इंची ट्यूब ठेवा, व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला. कडप्पा आणि टर्नटेबल वर ठेवून मगच थोडी थोडी हवा भरा. दगड टेबलापासून जेमतेम सुटला की थांबा. ट्यूब टणक फुगवली तर सगळा खटाटोप फुकट. कोपरा हलकेच दाबून सोडा, दगड सेकंदाला तीन-चार वेळा डुलला पाहिजे. टर्नटेबलचा जड भाग ट्यूबच्या मध्यावर आणा, गवंड्याच्या लेव्हलनं समतल तपासा. हवा हळूहळू उतरते, महिन्यातून एकदा बघत जा. रबराचा डाग पॉलिशवर उमटतो, खाली पुठ्ठा घाला.

ज्या टर्नटेबलची प्लेट आतूनच स्प्रिंगवर तरंगते, त्याखाली ट्यूब घालू नका. दोन्ही डुलणी एकमेकांत अडकतात. त्यासाठी विटांच्या भिंतीत पक्की बसवलेली फळी उत्तम. स्पीकर मात्र कुठल्याही परिस्थितीत त्याच टेबलावर नकोत.

ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरखाली यातलं काहीही लागत नाही. ते पैसे नव्या सुईसाठी ठेवा.