टॉर्चचे ल्युमेन नंतर बघा, आधी आतला ड्रायव्हर कसा आहे ते विचारा

मुठीत मावणाऱ्या टॉर्चच्या जाहिरातीवर "१ लाख ल्युमेन" असं बिनधास्त छापलेलं असतं आणि लोक खरंच विचारतात की रात्री सायकलला हा घेऊ का ५० हजारवाला पुरेल. दोन्ही आकडे खोटे आहेत, आणि ते ओळखायला टॉर्च विकत घ्यावा लागत नाही, शाळेत शिकलेलं वॅट आणि ऊर्जेचं गणित पुरतं. ड्रायव्हर म्हणजे टॉर्चमध्ये सेल आणि एलईडीच्या मध्ये बसून करंट ठरवणारं छोटं सर्किट, त्याच्याकडे नंतर येतो.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. टॉर्चमधला चांगला पांढरा एलईडी एका वॅटला साधारण १०० ते १५० ल्युमेन देतो. वरचा आकडा धरला तरी १ लाख ल्युमेनला ६७० वॅट लागतात. आता सेल बघा. टॉर्चमध्ये बहुतेक वेळा १८६५० हा लिथियम आयन सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास, सरासरी व्होल्टेज ३.६, म्हणजे साठवलेली ऊर्जा साडेबारा वॅटअवर. ६७० वॅट खेचले तर हा सेल मिनिटभर चालेल, तेही त्यानं १८० अँपिअरच्या वर करंट दिला तर, आणि एवढा करंट तो देऊच शकत नाही. कारच्या हॅलोजन हेडलाइटचा एक बल्ब १००० ते १५०० ल्युमेनचा असतो, हे डोक्यात ठेवून जाहिरात वाचली तरी बरंच कळतं. आणि १८६५० सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर तो सेल घेऊच नका, त्या आकारात एवढी ऊर्जा मावत नाही.

सोपा हिशोब असा की वॅटअवरला १०० नं गुणा, साधारण तेवढे ल्युमेन-तास तुमच्याकडे आहेत. साडेबाराचे झाले १२५०. मग "१००० ल्युमेन, ३ तास" असा दावा एका सेलवर कसा काय बसतो? बसतो, कारण टॉर्च मोजायचं जे एएनएसआय एफएल १ मानक आहे त्यात उजेड चालू केल्यावर ३० सेकंदांनी मोजतात आणि चालण्याचा वेळ मात्र उजेड त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. म्हणजे १००० ल्युमेन तीन मिनिटं आणि नंतर बराच काळ २५०, असं असलं तरी पाकिटावर छापलेलं नियमात बसतं. म्हणून आकड्याच्या जोडीला वेळेनुसार उजेडाचा आलेख दिलाय का ते बघायचं, चांगल्या कंपन्या तो देतात.

बरं, आपल्याला लागतो किती? ताशी २५ किलोमीटरनं सायकल सेकंदाला ७ मीटर जाते. खड्डा दिसला, डोक्यात शिरलं, बोटं ब्रेकवर गेली, यात दीड सेकंद धरा, साडेदहा मीटर तिथंच गेले. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर अजून ८ मीटर. मिळून १८-१९, ओल्या रस्त्यावर आणखी जास्त. उतारावर ३५ चा वेग असेल तर हेच अंतर ३० मीटरवर जातं. तेवढा रस्ता स्वच्छ दिसायला हवा, किलोमीटरभर लांबचं झाड दिसून उपयोग नाही. पाकिटावरचा "झोत २०० मीटर" हा आकडा म्हणजे झोताचा मधला भाग जिथं पाव लक्सवर येतो ते अंतर. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, आणि पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. त्यात खड्डा दिसत नाही. १० लक्स हवे असतील तर पाव लक्सच्या ४० पट झाले, आणि उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो म्हणून अंतर ४० च्या वर्गमुळानं भागायचं, उरले ३२ मीटर. थोडक्यात छापलेल्या अंतराला ६ नं भागा. सायकलवर रुंद झोताचे ३०० ते ४०० ल्युमेन, पण शेवटपर्यंत टिकणारे, बहुतेक रस्त्यांना पुरतात.

आता "शेवटपर्यंत टिकणारे" याच्याकडे येतो, कारण टॉर्च भरवशाचा आहे का नाही ते इथं ठरतं आणि यावर कोणी बोलत नाही. जुन्या बल्बची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट आपोआप आवरतो, त्यामुळे बल्ब सरळ सेलला जोडला की झालं. एलईडीचं बरोबर उलट आहे. तो डायोड आहे, आणि डायोडमध्ये व्होल्टेज आणि करंट सरळ प्रमाणात नसतात, ओहमचा नियम तिथं लागत नाही. आदर्श डायोडमध्ये खोलीच्या तापमानाला व्होल्टेज नुसतं ६० मिलिव्होल्टनं वाढवलं की करंट दहापट होतो. खऱ्या एलईडीत आतला थोडा रेझिस्टन्स ही चढण मवाळ करतो, तरीसुद्धा टॉर्चमधला एलईडी २.९ व्होल्टच्या आसपास १ अँपिअर घेत असेल तर व्होल्टेज अर्धा व्होल्ट वाढवेपर्यंत तो ३ अँपिअरच्या घरात जातो. त्यात आणखी एक भानगड म्हणजे एलईडी तापला की त्याला तोच करंट कमी व्होल्टेजला लागतो, दर अंशाला काही मिलिव्होल्टनं कमी. म्हणजे व्होल्टेज तेवढंच ठेवून सोडून दिलं तर तो तापणार, तापला म्हणून जास्त करंट घेणार, जास्त करंट घेतला म्हणून आणखी तापणार आणि शेवटी जळणार.

आणि लिथियम सेलचं व्होल्टेज स्थिर नसतं, भरलेला असताना ४.२, संपत आला की ३ च्या आसपास. नेमकं एलईडीला हवं तेच व्होल्टेज मध्ये कुठेतरी येतं. स्वस्त टॉर्चमध्ये सेल आणि एलईडीच्या मध्ये फक्त एक रेझिस्टर असतो, कधी तोही नसतो, सेलचा आतला रेझिस्टन्सच करंट अडवतो. असा टॉर्च पहिली पाच-दहा मिनिटं झकास दिसतो, त्यावरच लोक खूश होतात, आणि मग उजेड सतत उतरत जातो, इतका हळू की डोळ्याला कळत नाही. उजेड अर्धा झाला तरी आपल्याला अर्धा वाटत नाही, थोडाच कमी वाटतो. वेग मात्र आपण तोच ठेवतो.

एक पायरी वर लिनियर ड्रायव्हर येतो. त्यात ३५० मिलिअँपिअर धरून ठेवणाऱ्या छोट्या चिपा एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात, ७१३५ नावाची चिप यासाठी प्रसिद्ध आहे. करंट स्थिर राहतो हे छान, पण जास्तीचं व्होल्टेज ती उष्णता करून घालवते. सेल ४.२ वर आणि एलईडी ३ वर असेल तर ७१ टक्केच ऊर्जा एलईडीला मिळाली, बाकीची चिपमध्ये तापून गेली. सेल ३.३ वर आल्यावर तोच आकडा ९१ टक्के होतो.

त्याच्या वरचा म्हणजे बक ड्रायव्हर, व्होल्टेज हवं तेवढं खाली आणणारा, आणि हा मला मनापासून आवडतो. यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो आणि स्विच आणि एलईडीच्या मध्ये एक कॉइल असते. कॉइलमधला करंट एका झटक्यात बदलत नाही, स्विच चालू झाला की तो सावकाश चढतो आणि कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते, बंद झाला की क्षेत्र कोसळताना तीच ऊर्जा करंटला पुढं ढकलत राहते आणि दुसऱ्या वाटेनं वर्तुळ पूर्ण होतं. पायडल मारायचं थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तसंच. त्यामुळे एलईडीला तुटक ठोके न जाता जवळपास सपाट करंट जातो. स्विच एकूण वेळेच्या किती भाग चालू ठेवायचा यावर बाहेरचं व्होल्टेज ठरतं, सेल ४.२ वर असताना साधारण ७१ टक्के वेळ, ३.५ वर आला की ८६ टक्के. हे कोण ठरवतं? एलईडीच्या वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाएवढा वगैरे एक रेझिस्टर असतो, त्याच्यावर पडणारं व्होल्टेज ड्रायव्हरची चिप सतत वाचते, कमी आलं की चालू वेळ वाढवते, जास्त आलं की घटवते. एलईडी तापो, सेल उतरो, करंट तोच. नुकसान १० टक्क्यांच्या आसपास. सेल एलईडीच्या व्होल्टेजच्या अगदी जवळ आला की स्विच पूर्ण वेळ चालू राहतो आणि पुढं बकच्या हातात काही उरत नाही, म्हणून काही टॉर्चमध्ये व्होल्टेज गरजेप्रमाणे वर आणि खाली दोन्ही नेणारा बक-बूस्ट असतो.

पाकिटावर "बक", "कॉन्स्टंट करंट" किंवा "रेग्युलेटेड" असं लिहिलंय का बघा. नसेल तर कमी मोडवर टॉर्च लावून सायकलचं चाक फिरवा. आऱ्या ठिकठिकाणी गोठल्यासारख्या तुटक दिसल्या तर उजेड उघडझाप करतोय, म्हणजे ड्रायव्हर करंट कमी करत नाही, पूर्ण करंट सेकंदाला काहीशे वेळा तोडतोय. चालेल, पण पावसात थेंबांच्या रेघा तुटक दिसतात आणि डोळे दमतात.

एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णताच होते, आणि बल्बसारखी ती उजेडाबरोबर समोर फेकली जात नाही, मागं धातूच्या अंगातून काढावी लागते. म्हणून चांगला टॉर्च तापला की ड्रायव्हर स्वतः करंट कमी करतो, त्याला बिघाड समजू नका. सायकलवर वारा लागतो हा आपला फायदा, चालताना टॉर्च थंड राहतो, थांबल्यावर तापतो. जास्त करंटवर एलईडीची कार्यक्षमताही घसरते, त्यामुळे १००० ल्युमेनचा टॉर्च ३५० वर चालवणं हे ३५० चा टॉर्च ताणून चालवण्यापेक्षा कधीही बरं, आणि मघाचा साडेबारा वॅटअवरचा सेल अशा वेळी साडेतीन-चार तास जातो.

सायकलचा खास त्रास म्हणजे हादरे. सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅम, खड्ड्यात गाडी आपटली की सेल जडत्वानं स्प्रिंग दाबतो आणि दुसऱ्या टोकाला क्षणभर संपर्क सुटतो. तेवढ्यानं काही ड्रायव्हरना वाटतं बटण दाबलं, आणि ऐन खड्ड्यात मोड बदलून झगमग सुरू होते. म्हणून सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला टॉर्च घ्या, दुकानातच मागचं झाकण उघडून बघता येतं. हातावर आपटून बघा, चमकला किंवा मोड बदलला तर ठेवून द्या. पाण्यात किती टिकतो ते आयपीएक्स आकड्यावरून कळतं, आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसतो, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास.

लावायचा कुठे, तर हँडलवर. डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या इतका जवळ असतो की खड्ड्याची सावली आपल्याला दिसतच नाही, रस्ता सपाट वाटतो. हँडलवरचा खालून तिरका पडतो म्हणून उंचवटे उठून दिसतात. धुक्यातही तेच, डोक्यावरच्या दिव्याचा उजेड थेंबांवरून परत डोळ्यात येतो. पिवळा दिवा धुकं भेदतो वगैरे म्हणतात त्यात तथ्य नाही, धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. झोत खाली झुकवा, गोल झोताचा टॉर्च सरळ ठेवला की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा लागतो आणि लुकलुकणारा दिवा चालत नाही, हे नियम मला फार पटतात.

आणि एक अंधश्रद्धा अजून जात नाही, नवा सेल रात्रभर चार्ज करा आणि नंतर दर वेळी पूर्ण संपवूनच चार्जिंगला लावा. हे निकेल कॅडमियमच्या काळातलं आहे. लिथियम सेल पूर्ण संपवत राहिलं तर त्याचं आयुष्य उलट कमी होतं, अर्ध्यावर असताना लावला तर काहीही बिघडत नाही.

टॉर्च घरी आणला की अंधाऱ्या खोलीत छताकडे तोंड करून उभा ठेवा, जवळ छोटा पंखा लावा, फोनवर लक्स मोजणारं ॲप सुरू करून फोन थोडा लांब ठेवा आणि दर ५ मिनिटांनी आकडा लिहा. फोनचा सेन्सर अचूक नसला तरी आपल्याला फक्त तुलना करायची आहे. मधल्या मोडवर आकडा तासभर सपाट राहिला तर ड्रायव्हर काम करतोय, पहिल्यापासून घसरतच गेला तर मध्ये रेझिस्टरच आहे. शेवटी काय होतं तेही बघा, काही टॉर्च दोन-तीन पायऱ्या उतरून बजावतात, काहींमध्ये सेलचं संरक्षक सर्किट एकदम वीज तोडतं. तुमचा असा एकदम विझणारा असेल तर हँडलवर दुसरा छोटा लाइट लावल्याशिवाय रात्री निघू नका.