पायऱ्यांचा सांडवा : फेसाळ प्रवाह आणि ऊर्जाऱ्हास

धरणाचा सांडवा (जादा पाणी खाली सोडायची उतरण) गुळगुळीत न ठेवता त्याला पायऱ्या पाडल्या की झाला पायऱ्यांचा सांडवा. या पायऱ्यांचं मुख्य काम म्हणजे पाणी खाली पोचायच्या आत त्याचा जोर मारायचा. 20 मीटरवरून पाणी कुठेच न अडता आलं तर पायथ्याशी वेग होतो सेकंदाला जवळपास 20 मीटर, म्हणजे ताशी 70 किमीच्या वर, आणि असं पाणी नदीचा तळ उकरत उकरत धरणाच्या पायापर्यंत जाऊ शकतं.

पाणी कमी असेल तर ते पायरी-पायरीने पडतं. लोणावळ्याच्या भुशी डॅमवर पावसाळ्यात जे पायऱ्यांवर बसलेत त्यांना हे पाठीने माहितीये, वरून पाण्याची चादर आदळते आणि चादरीच्या मागे हात घातला तर पोकळी लागते, तिथे हवा कोंडलेली असते. दर पायरीवर आपटून पाणी फुटतं, थोडी ऊर्जा तिथेच संपते. पाणी वाढलं की पायऱ्या बुडतात, प्रवाह त्यांच्या कडांवरून सरळ घसरत जातो आणि प्रत्येक पायरीच्या खोबणीत एक आडवा भोवरा गरगरत राहतो. त्याला फिरवत ठेवायची ऊर्जा वरच्या पाण्यातूनच जाते, ऱ्हास होतो तो इथे. ही ऊर्जा शेवटी उष्णता बनते, पण 20 मीटरची सगळी जिरली तरी पाणी तापतं जेमतेम 0.05 अंश.

हा बदल कधी होतो? प्रवाहाची क्रिटिकल डेप्थ (तेवढं पाणी कमीत कमी ऊर्जेत वाहतं ती खोली) पायरीच्या उंचीच्या साधारण 0.8 पटीच्या वर गेली की, अर्थात उताराप्रमाणे हा आकडा हलतो. पायरी 1 मीटरची धरा, रुंदीच्या दर मीटरमागे सेकंदाला 0.5 घनमीटर पाणी असेल तर ही खोली येते 0.29 मीटर, म्हणजे पाणी पडत जाणार, आणि 3 घनमीटर असेल तर 0.97, म्हणजे घसरत जाणार. मधल्या टप्प्यात प्रवाह नुसता उसळतो, शिंतोडे उडतात, डिझाइन करणारे तो शक्यतो टाळतात.

आता हवा. सांडव्याच्या माथ्याशी पाणी काचेसारखं असतं आणि खाली एका ठिकाणी एकदम पांढरं होतं, कारण तळाशी सुरू झालेली खळबळ तिथे पृष्ठभागापर्यंत पोचते आणि हवा आत ओढते. पायऱ्यांमुळे ही जागा गुळगुळीत सांडव्यापेक्षा बरीच वर येते, आणि हे फार मोलाचं आहे, कारण वेगवान पाण्यात कॅव्हिटेशन होऊन, म्हणजे दाब घटून वाफेचे बुडबुडे बनतात आणि ते फुटताना बसणाऱ्या ठोशांनी, काँक्रीट अक्षरशः खाल्लं जातं. 1983 च्या पुरात अमेरिकेतल्या ग्लेन कॅनियन धरणाच्या सांडवा-बोगद्यांना (ते पायऱ्यांचे नव्हते) असेच प्रचंड खड्डे पडले, मग तिथे मुद्दाम हवा घेणाऱ्या खाचा कराव्या लागल्या. तळाशी 5 ते 8 टक्के हवा असली तरी हे नुकसान बहुतेक थांबतं. मात्र पाणी पांढरं व्हायच्या आधीचा भाग उघडाच राहतो, पाणी खूप असेल तर तिथेच जपावं लागतं. शिवाय हवेने प्रवाह फुगतो म्हणून बाजूच्या भिंती नुसत्या पाण्याच्या हिशोबाने बांधून चालत नाही.

पद्धत जुनीच, न्यूयॉर्कच्या न्यू क्रोटन धरणाला (1906) अशा पायऱ्या आहेत. नंतर ती मागे पडली, आणि 1980 च्या दशकात रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटमुळे (रोलरने दाबून बसवायचं कोरडसर काँक्रीट) परत आली, कारण ते थरांनी रचतात, त्यामुळे पायऱ्या काढणं सोपं आणि स्वस्त. युटामधल्या अप्पर स्टिलवॉटर धरणाच्या (1987) पायऱ्या साधारण 0.6 मीटरच्या आहेत.

लहान मॉडेलवर मात्र फसगत होते: मॉडेल छोटं झालं म्हणून बुडबुडे त्या प्रमाणात छोटे होत नाहीत, पृष्ठताण आडवा येतो आणि हवा खऱ्यापेक्षा कमी दिसते.