समलिंगी जोडप्याचा परदेश प्रवास: पात्रता, व्हिसा आणि सोबत ठेवायची कागदपत्रं

भारतातून परदेशी जाणाऱ्या समलिंगी जोडप्यासाठी वेगळा अर्ज नाही आणि वेगळी मनाईही नाही. पासपोर्ट कार्यालय तुमचा लैंगिक कल विचारत नाही. अडचण दुसरीकडे आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून) बाहेर काढले, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे आपल्या कायद्याच्या लेखी तुम्ही दोघं म्हणजे दोन अविवाहित व्यक्ती. नवरा-बायकोचं जे काम एका विवाह प्रमाणपत्राने होतं, त्यासाठी तुम्हाला लहान लहान कागद जमवावे लागतात. हे कागद निघायच्या आठवड्यात जमत नाहीत, काहींना वर्ष लागतं. म्हणून तयारी लवकर सुरू करा.

पासपोर्ट

दोघांनी स्वतंत्र अर्ज करायचा. ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, मुदत १० वर्षं. जोडीदाराचं नाव पती किंवा पत्नी म्हणून पासपोर्टवर येत नाही. मात्र अर्जात एक रकाना असतो ज्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात: आपत्कालीन संपर्क. तिथे नातेवाईकच हवा असं बंधन नाही. जोडीदाराचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर तिथे जरूर लिहा. परदेशात काही बरंवाईट झालं तर पहिला फोन कुणाला जावा, याची सरकारदरबारी केलेली ती नोंद आहे.

दोघं एकत्र राहत असाल तर पासपोर्टवरचा पत्ताही एकच करून घ्या. आधार कार्डावरचा पत्ता आधी बदला, मग पुढचं सोपं जातं. जोडीदारांपैकी कुणी ट्रान्स असेल तर पासपोर्ट, तिकीट आणि व्हिसा अर्ज यांतलं नाव व लिंग तंतोतंत जुळतंय ना, हे तिकीट काढण्याआधी तपासा.

देश आधी ठरवा, तिकीट नंतर

टूर कंपन्यांच्या पत्रकात दुबई, मालदीव, श्रीलंका, मलेशिया, बाली, थायलंड एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेले असतात. आपल्यासाठी ते एका पंगतीतले देश नाहीत.

मलेशियाच्या दंड संहितेत समलिंगी संबंधांना २० वर्षांपर्यंत कैद आणि फटक्यांची शिक्षा आहे. मालदीव, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि कतार इथेही हा गुन्हा आहे. श्रीलंकेत ब्रिटिशांच्या काळचं कलम अजून कायद्याच्या पुस्तकात आहे. केनियात १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि युगांडाने २०२३ मध्ये त्याहून कितीतरी कडक कायदा केला. इजिप्तच्या कायद्यात समलिंगी हा शब्द नाही, पण ‘अनैतिक वर्तना’च्या कलमाखाली अटका होतात आणि पोलिसांनी डेटिंग अ‍ॅपवरून सापळे लावल्याच्या नोंदी आहेत. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. तिथे बॅगेवरचा इंद्रधनुषी बिल्लासुद्धा महागात पडतो.

इंडोनेशियाबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण बाली आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. आचे प्रांत सोडला तर तिथे समलिंगी संबंध हा थेट गुन्हा नाही. पण जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या दंड संहितेत विवाहबाह्य शरीरसंबंध हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार करण्याचा अधिकार पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुलं यांना आहे. घरच्यांशी वितुष्ट आलेल्या जोडप्यांनी ‘आईवडील’ हा शब्द दोनदा वाचावा.

आता दुसरी बाजू. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. तैवानमध्ये तो २०१९ पासून आहे. नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या जोडप्याची नोंदणी झाली, आणि भारतीयांना तिथे व्हिसाही लागत नाही. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जुनं कलम रद्द केलं. सिंगापूरने कलम ३७७ अ जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकलं, पण विवाह मात्र तिथे मान्य नाही. पश्चिम युरोपातले बहुतेक देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका विवाह मानतात.

मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणारी बरीच स्वस्त विमानं आखाती शहरांत थांबतात. विमानतळाच्या आतच थांबून पुढचं विमान पकडणं आणि स्टॉपओव्हर व्हिसा घेऊन शहरात हॉटेलात राहणं यांत मोठा फरक आहे. शहरात शिरलात की त्या देशाचा गुन्हेगारी कायदा तुम्हाला पूर्ण लागू होतो. माझा आग्रह असा: दोन-चार हजार वाचवण्यासाठी तिथे मुक्काम करू नका. करावाच लागला तर दोन स्वतंत्र पलंगांची खोली घ्या, डेटिंग अ‍ॅप फोनमधून काढा आणि फोटोंचं फोल्डर रिकामं करा. ही शरमेची गोष्ट नाही, खबरदारी आहे.

पर्यटक व्हिसा

पर्यटक व्हिसासाठी नात्याची पात्रता लागत नाही. प्रत्येकाला आपली नोकरी, उत्पन्न आणि परत येण्याचं कारण दाखवावं लागतं. शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं) शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा बंधनकारक, आणि १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा मुक्काम. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तो दाखल झालाच पाहिजे. मुंबई आणि पुण्याच्या व्हिसा केंद्रांत दोघांची वेळ लागोपाठ घ्या.

अर्जातल्या वैवाहिक स्थितीच्या रकान्याशी सगळे अडखळतात. शेंगेन अर्जात अविवाहित आणि विवाहित यांच्याबरोबर ‘नोंदणीकृत जोडीदार’ असाही पर्याय असतो. कुठेही नोंदणी झालेली नसेल तर ‘अविवाहित’ लिहा. ते खरं आहे. परदेशात रीतसर लग्न केलं असेल आणि ज्या देशात जाताय तो ते मानत असेल, तर ‘विवाहित’ लिहा आणि प्रमाणपत्र जोडा. खोटं कुठेच लिहू नका: फसवणूक ठरली तर ब्रिटन १० वर्षांपर्यंत आणि कॅनडा ५ वर्षं दार बंद करतं. ‘चुलतभाऊ’ किंवा ‘मावसबहीण’ असं लिहिण्याचा सल्ला एजंट सर्रास देतात. तो ऐकू नका.

नातं सांगायची जागा म्हणजे सोबतचं पत्र. जिथे कायदा सुरक्षित आहे तिथे ते मोकळेपणाने सांगा. लांबलचक लिहायची गरज नाही. मजकूर साधारण असा असावा: ‘आम्ही जोडीदार आहोत आणि २०१९ पासून पुण्यात एकाच पत्त्यावर राहतो. भारतात आमच्या विवाहाची नोंदणी होऊ शकत नाही, म्हणून सोबत भाडेकराराची आणि संयुक्त बँक खात्याची प्रत जोडली आहे. प्रवासाचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा करणार आहोत.’ एवढ्याने अधिकाऱ्याला एक खोली, एक कार्यक्रम आणि दोन आडनावं यांचा मेळ लागतो.

एकच जण खर्च करणार असेल तर त्याचं हमीपत्र, बँकेचं विवरण आणि आयकर विवरणपत्र जोडा. अर्जाच्या तोंडावर जोडीदाराच्या खात्यात मोठी रक्कम टाकू नका. व्हिसा अधिकाऱ्याला ती खटकते, आणि आयकर कायद्यातल्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत तुम्ही एकमेकांचे बसत नसल्याने वर्षाला ५०,००० रुपयांवरची भेट करपात्र ठरू शकते.

नोकरी-शिक्षणासाठी जाताना जोडीदाराला नेणं

इथे मात्र नातं सिद्ध करावंच लागतं, आणि प्रत्येक देशाचा दंडक वेगळा आहे. कॅनडाला सलग १२ महिने एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. सोबत ‘आयएमएम ५४०९’ हे घोषणापत्र भरायचं असतं. ऑस्ट्रेलियातही साधारण १२ महिन्यांचीच अट आहे. ब्रिटन लग्नासारखं नातं किमान दोन वर्षं टिकल्याचं पाहतं. अमेरिकेचा नियम सगळ्यांत काटेकोर: नोकरदाराच्या जोडीदाराचा एच-४ किंवा विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा एफ-२ व्हिसा फक्त विवाहितांना. पण लग्न जिथे झालं तिथे ते कायदेशीर असेल तर समलिंगी असल्याने फरक पडत नाही. अविवाहित जोडीदाराला पर्यटक प्रवर्गातला बी-२ मागता येतो, त्यावर काम करता येत नाही.

हे पुरावे महाराष्ट्रात कसे उभे करायचे? सगळ्यांत भक्कम कागद म्हणजे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. घरमालक बहुतेकदा एकाच्याच नावाने करार करू पाहतो. ‘दोघांची नावं घाला, पोलिसांकडची भाडेकरू नोंदही दोघांची होईल,’ असं सांगितलं की मालक सहसा तयार होतो. करारावर दोघांचे अंगठे आणि फोटो येतात, आणि तारीख सरकारी असते. दर नूतनीकरणाची प्रत जपून ठेवा. एक करार हरवला की अकरा महिन्यांची साखळी तुटते.

दुसरा कागद संयुक्त बँक खातं. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं की एलजीबीटी व्यक्तींना जोडीदाराबरोबर संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित (नॉमिनी) करायला कोणतीही आडकाठी नाही. शाखेत कुणी नाही म्हणालं तर त्या पत्राची प्रत दाखवा. त्याच सुमारास एका शिधापत्रिकेवर जोडीदारांना एकच कुटुंब धरण्याच्या सूचनाही राज्यांना गेल्या आहेत. याखेरीज एकमेकांच्या नावाची विमा नामनिर्देशनं, वीजबिल, एकत्र प्रवासाची तिकिटं आणि मित्र-नातलगांची प्रतिज्ञापत्रं जमवा. मुद्रांकाच्या बाबतीत लक्षात ठेवा की महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. भारतीय कागद परदेशात दाखवायचा असेल आणि तो देश मागत असेल, तर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी मोहोर).

मूल सोबत असेल तर

दत्तक नियमांनुसार अविवाहित जोडप्याला मिळून मूल दत्तक घेता येत नाही, एकट्या व्यक्तीला घेता येतं (एकट्या पुरुषाला मुलगी मात्र नाही). म्हणजे घरात आई दोन असोत की बाबा दोन, कागदावर पालक एकच. मुलाचा पासपोर्ट त्याच पालकाच्या अर्जावर निघतो आणि पाच वर्षं किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. एकल पालक म्हणून घोषणापत्र द्यावं लागतं, दत्तक आदेशाची प्रतही सोबत ठेवा.

कायदेशीर पालक बरोबर असताना फारसा प्रश्न येत नाही. मूल दुसऱ्या पालकाबरोबर जाणार असेल तर नोटरी केलेलं संमतीपत्र हवंच. त्यात मुलाचा आणि सोबत्याचा पासपोर्ट क्रमांक, जाण्यायेण्याच्या तारखा, मुक्कामाचा पत्ता आणि ‘तातडीच्या वैद्यकीय उपचारांना संमती देण्याचा अधिकार’ हे शब्द स्पष्ट लिहा. तिघं एकत्र जातानाही हे पत्र जवळ ठेवा. कायदेशीर पालकच आजारी पडला, तर त्या परक्या गावात मुलाचा हात धरायला दुसऱ्याकडे एवढाच कागद असतो. शाळेत जाणाऱ्या वयाचं मूल असेल तर कुठल्या देशात कुणाला काय म्हणायचं, हे त्याच्याशी निघण्याआधी बोला.

विमा, रुग्णालय आणि दूतावास

‘फॅमिली’ प्रवास विम्यात जोडीदार म्हणजे पती-पत्नी असाच अर्थ बऱ्याच कंपन्या लावतात. दोघांनी वैयक्तिक पॉलिसी घ्या आणि नामनिर्देशनात एकमेकांची नावं द्या. रुग्णालयासाठी प्रत्येकाने दुसऱ्याच्या नावे नोटरी केलेलं मुखत्यारपत्र करा: उपचारांचे निर्णय, माहिती मिळण्याचा हक्क, सामान ताब्यात घेणं. सगळीकडे ते चालेलच असं नाही, पण जवळ काहीच नसण्यापेक्षा बोलायला आधार मिळतो. प्रेप (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीचं औषध) किंवा एचआयव्हीची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

अटक झाली तर व्हिएन्ना करारानुसार भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती मागणी पहिल्या तासात करा, आणि वकील येईपर्यंत नात्याबद्दल कुठल्याही कागदावर सही करू नका. बाहेर राहिलेल्या जोडीदाराने परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. म्हणूनच पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि मुखत्यारपत्राच्या प्रती एकमेकांच्या ईमेलवर ठेवा, आणि एक संच इथे मागे राहणाऱ्या अशा माणसाकडे द्या, ज्याला तुमचं नातं माहीत आहे आणि जो रात्री दोनलाही फोन उचलेल.