ट्रायल्स स्पर्धा: क्लास आणि रूट वेगळे कसे झाले

ट्रायल म्हणजे मोटरसायकलने दगड, चढ आणि ओढे पाय न टेकता पार करण्याची स्पर्धा. ब्रिटनमधल्या क्लबच्या ट्रायलला नाव नोंदवायचं तर अर्जात दोन गोष्टी लिहाव्या लागतात. एक क्लास: मॉडर्न, ट्विनशॉक (मागे दोन शॉकॲब्सॉर्बर), एअर-कूल्ड मोनो (मागे एकच, इंजिन हवेने थंड होणारं) किंवा प्री-65 (1965 च्या आधीची गाडी). दुसरा रूट: हार्ड, फिफ्टी-फिफ्टी, क्लबमन किंवा ईझी. क्लास गाडीच्या वयावरून आणि घडणीवरून ठरतो, रूट चालवणाऱ्याच्या कुवतीवरून. नवखे स्पर्धक गोंधळतात ते इथेच, आणि हा गोंधळ आजचा नाही.

1909 मध्ये स्कॉटलंडची लांब पल्ल्याची स्पर्धा सुरू झाली आणि 1911 पासून ती सहा दिवसांची झाली. 1914 मध्ये यॉर्कशरमध्ये एका कारखान्याच्या मालकाने आपल्या कामगारांसाठी ट्रायल भरवली, तीही आज टिकून आहे. त्या काळात वर्गवारी इंजिनाच्या आकारावरून व्हायची, साइडकारवाले वेगळे. चढ मात्र सगळ्यांना एकच. कंपन्यांना गाडी टिकते का हे दाखवायचं होतं, त्यामुळे सोपी वाट आखून देण्याचा प्रश्नच नव्हता.

हे चित्र बदललं ते एका गाडीमुळे. 1965 ची स्कॉटिश स्पर्धा स्पेनच्या बुल्टॅको शेर्पाने जिंकली. हलकी, अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक. तोवर 350 आणि 500 सीसीच्या ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं, ते दोन-तीन हंगामांत संपलं. माँटेसा, ओसा या स्पॅनिश कंपन्या, मग जपानी कंपन्या आल्या. 1975 मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. गाड्या हलक्या झाल्या, हँडल जास्त वळू लागलं आणि सेक्शन, म्हणजे खुणांनी आखलेले अवघड टप्पे, आखणारेही दगड मोठे व वळणं आखूड निवडू लागले. नॉव्हिस आणि एक्स्पर्ट अशा श्रेण्या होत्या, पण त्या बक्षिसापुरत्या. वाट दोघांनाही तीच असायची, आणि रविवारी हौसेने आलेला माणूस सेक्शनमागून सेक्शन फसून प्रत्येकी पाच-पाच दंडगुण घेऊन घरी जायचा.

त्यावर क्लबांनी काढलेला उपाय साधा होता: ओढा एकच, निरीक्षक एकच, पण वेगवेगळ्या रंगांच्या खुणा लावून त्याच ओढ्यातून दोन-तीन वाटा. कसलेला स्पर्धक मोठ्या धोंड्यावरून चढतो, क्लबमनवाला त्याला वळसा घालतो. फिफ्टी-फिफ्टीत काही सेक्शन अवघड वाटेने करायचे, बाकीचे सोप्या. छोटे क्लब आज उभे आहेत ते याच युक्तीमुळे, असं माझं ठाम मत आहे. जागतिक मालिकेत ही मोकळीक नाही. तिथे क्लास ठरला की वाटही ठरली.

जुन्या गाड्यांचे क्लास आले ते साधारण याच सुमारास, आणि खरा वाद तिथलाच आहे. प्री-65 ची रेघ 31 डिसेंबर 1964 वर ओढली गेली. शेर्पाच्या आधीचं सगळं आत, नंतरचं बाहेर. 1984 पासून स्कॉटलंडमधल्या किनलॉकलेव्हन गावाला अशा गाड्यांची स्पर्धा भरते आणि तिला इतकी मागणी असते की प्रवेश चिठ्ठ्या टाकून द्यावे लागतात. तारखेची रेघ योग्यच होती. अडचण अशी की ट्रायल्सची गाडी कारखान्यातून आली तशी कधीच कोणी ठेवली नाही. पन्नाशीच्या दशकातले कंपन्यांचे स्वारही फ्रेम कापून वजन उतरवत होते. मग ‘मूळ’ म्हणायचं कशाला? नियम करणाऱ्यांनी बऱ्याच ठिकाणी सोयीचा मार्ग धरला: भाग त्या काळातला असावा, नाहीतर तसा दिसावा.

‘तसा दिसावा’ ही पळवाट ठरली. ट्रायम्फ टायगर कब किंवा बीएसए बँटमचं इंजिन घ्यायचं आणि त्याला नवी हलकी फ्रेम करायची. जुन्या फोर्कच्या नळ्यांत आजचं डॅम्पिंग बसवायचं. मॅग्नेटोच्या (ठिणगी पाडणाऱ्या जुन्या यंत्राच्या) डब्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन, फूटरेस्ट खाली आणि मागे, हब जुन्या आकाराचे पण नव्या मिश्रधातूचे. लांबून पाहिलं तर 1962 ची गाडी.

याचा परिणाम बक्षिसांपुरता राहिला नाही, तो थेट रूटवर झाला. पहिले दहा-बारा जण सगळे सेक्शन पाय न टेकता पार करू लागले की निकाल लागत नाही. मग आखणारा पुढच्या वर्षी खुणा आत सरकवतो आणि वळण आवळतो. बदललेली टायगर कब तिथून वळते. लांब चाकअंतराची, हँडल कमी वळणारी खरीखुरी जुनी ब्रिटिश एरियल किंवा मॅचलेस वळत नाही. मागे सस्पेन्शनच नसलेल्या रिजिड गाडीची तर बातच नको. ज्यांच्यासाठी क्लास काढला तेच सोप्या रूटवर ढकलले गेले, आणि काहींनी गाड्या शेडमध्ये परत ठेवल्या. दुसरी बाजूही खरी आहे: मूळ फ्रेमला तडे जातात, मूळ भाग मिळत नाहीत, आणि नव्या भागांवर सरसकट बंदी घातली तर स्पर्धेला गाड्याच उरणार नाहीत. तरीही दिसण्याऐवजी मोजता येणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे चाकअंतर, फोर्कची जाडी आणि फ्रेमचा नमुना यांवर, नियम आधीच बांधला असता तर हे टळलं असतं. किनलॉकलेव्हनला पुढे तपासणी कडक झाली, पण तोवर बदललेल्या गाड्या भरपूर झाल्या होत्या.

आपल्या ओळखीची बुलेटही या वादात सापडते. मागे स्विंगआर्म (मागचं चाक खाली-वर हलू देणारा दांडा) असलेली 350 सीसी बुलेट 1948 मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली ती इंग्लंडमधल्या एका ट्रायलमध्येच. मागचं सस्पेन्शन असलं की पकड जाते, असं तेव्हा अनेक स्वारांचं मत होतं. तोच साचा पुढे मद्रासला कित्येक दशकं बनत राहिला. त्यामुळे मद्रासची 1980 ची बुलेट घडणीने जुनी, तारखेने नवी. नियम तारीख धरून वाचला तर ती बाहेर, नमुना धरून वाचला तर आत. 2019 मध्ये भारतात विकायला आलेली ‘बुलेट ट्रायल्स’ ही त्या जुन्या गाड्यांची आठवण म्हणून काढलेली रस्त्यावरची गाडी. तिचा या क्लासशी संबंध नाही.

ट्विनशॉकमध्ये भांडणं कमी, कारण मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर मोजायला नियमावली लागत नाही. पण तिथेही नव्या फ्रेमा आणि आजचे कार्ब्युरेटर येऊ लागले आहेत. म्हणून काही आयोजक आता जड फोर-स्ट्रोक आणि रिजिड गाड्यांना वेगळा क्लास देऊन त्यांची वाटही वेगळी आखतात. अशा गाडीवर पहिल्यांदा उतरणाऱ्याने अर्ज भरण्याआधी आयोजकांना एवढंच विचारावं: सगळ्यात आखूड वळण कोणत्या गाडीवरून फिरून पाहिलं आहे?