गावात नळ आला, सांडपाणी गेलं ओढ्याला

गोदाकाठच्या गावांत, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-सायखेडा-चांदोरी या पट्ट्यात, सांडपाणी हा विषय तसा फार जुना नाही. हंडे डोक्यावरून आणायचे तेव्हा न्हाणीचं पाणी परसातल्या अळूला नाहीतर केळीला जायचं, उरायचंच काय? 1972 च्या दुष्काळानंतर हातपंप, बोअर, मग नळयोजना आली. खरा फरक गेल्या 20-25 वर्षांतला.

2000 नंतर ग्राम स्वच्छता अभियान आलं, गावं लख्ख झाली, कुठं कुठं शोषखड्डेही झाले, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचे खड्डे. पण निर्मल ग्राम आणि 2014 चं स्वच्छ भारत आलं तसा सगळा जोर संडासांवर गेला आणि सांडपाणी मागं पडलं. मग 2019 ला जलजीवन, घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर. 2000 वस्तीचं गाव धरा, रोज 1 लाख 10 हजार लिटर पाणी गावात येणार आणि त्यातलं निदान 80 हजार लिटर मोरीतून बाहेर पडणार. पाणी आणायची योजना आधी झाली, बाहेर काढायची नंतर, घोळ इथूनच सुरू.

वाद एकाच गोष्टीवर होतो, भूमिगत गटार की शोषखड्डे. बऱ्याच गावांनी गटार घेतली. गावठाणात घराला घर लागून, परस उरलेलं नाही, खड्डा खणायचा कुठं? शिवाय इकडची जमीन काळी चिकट, पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरतो आणि पाणी मुरतच नाही, हे म्हणणं खरंच आहे. पण मुरूम लागेपर्यंत खोल गेलं तर मुरतं, आणि नांदेडकडचा मॅजिक पिट म्हणजे तरी काय, खड्ड्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची, भोवती दगड भरायचे, गाळ टाकीत बसतो आणि पाणी वरच्या भोकांतून दगडात जातं. गाळ मात्र वेळेवर काढावा लागतो, नाहीतर वर्षभरात साबणाची साय धरून सगळं तुंबतं. तरी माझ्या मते हाच रस्ता बरा होता, कारण गटारीनं पाणी फक्त दिसेनासं झालं, पाइपाचं तोंड शेवटी ओढ्यातच उघडतं. आणि एकदा गटार झाली की लोक संडासाच्या टाकीचा ओव्हरफ्लो पण तिलाच जोडतात, मग ते नुसतं धुण्याभांड्याचं पाणी राहत नाही, मैलापाणी होतं, आणि त्याचं शुद्धीकरण कितीतरी अवघड.

ओढा पुढं गोदावरीला मिळतो, खाली नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, 2019 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, आणि पात्रात पाणवेली. नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा आला की चर्चा शहराच्या एसटीपीची, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची होते, गावच्या ओढ्यांबद्दल कुणी बोलत नाही.

स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात, 2020 पासून, सांडपाण्याला पैसे ठरले, 5000 वस्तीपर्यंतच्या गावाला माणशी 280 रुपये, त्यावरच्याला 660, यातले 30 टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. म्हणजे 2000 वस्तीला 5 लाख 60 हजार, यात गल्लोगल्ली गटार कशी होणार? म्हणून गटार दुसऱ्या निधीतून, बहुतेक वेळा रस्त्यासोबत उरकतात, आणि शेवटाला पाणी शुद्ध करायला गाळटाकी, कर्दळीचा वाफा, नाहीतर पाणी साठवून निवळू द्यायचं स्थिरीकरण तळं जे करायचं ते कागदावर राहतं. त्याला गावाच्या उताराला चार-दोन गुंठे जागा लागते, तिथं नेमकी कुणाची तरी मालकी असते नाहीतर गायरानावर अतिक्रमण, आणि ग्रामसभेत विषय पुढच्या वेळेवर जातो.